जाहिरातीतलं चित्र खोटं नव्हतं: अटारीच्या काळातल्या कॉमिक्सवरच्या आरोपांना उत्तर

दोन चित्रं शेजारी शेजारी लावलेली एक पोस्ट गेली काही वर्षं सतत फिरते आहे. डावीकडे 1980च्या आसपासच्या अमेरिकन कॉमिकमधली अटारीसारख्या कंपनीच्या व्हिडिओ गेमची जाहिरात: अंतराळयानं, स्फोट, दात ओठ खाणारा नायक, सगळं हाताने रंगवलेलं. उजवीकडे त्याच गेमचा पडदा: काळ्या पार्श्वभूमीवर तीन-चार ठोकळे आणि एक रेघ. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: या जाहिराती म्हणजे उघड फसवणूक होती. खरा गेम कसा दिसतो हे त्या कधीच दाखवत नसत. कॉमिक्समध्ये छापायचं कारण एवढंच की लहान मुलांना गंडवणं सोपं. सी-मंकीज (पाळायला म्हणून विकलेले पाण्यातले इवलेसे जीव) आणि आरपार दिसण्याचं आमिष दाखवणारे एक्स-रे चष्मे विकणाऱ्यांचेच हे भाऊबंद. आणि अखेर लोकांचा विश्वास उडाला, म्हणून 1983 साली अमेरिकेतला हा अख्खा धंदा कोसळला.

आपल्याकडेही ही पोस्ट उत्साहाने पुढे ढकलली जाते, कारण त्या जाहिराती आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेल्या आहेत. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, रद्दीच्या दुकानांत डीसी आणि मार्व्हलचे जुने अंक मिळायचे. गेमचं यंत्र बघायला मिळायच्या कितीतरी आधी त्याची जाहिरात हातात पडायची. त्यामुळे "आपल्यालाही बनवलं होतं" असं वाटणं साहजिक आहे. पण आरोप टिकत नाही, आणि जिथे खरंच बोट ठेवायला हवं ती जागा या पोस्टमध्ये येतच नाही.

"पडदा कधीच दाखवत नसत" हा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सरळ चूक आहे. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने 'इंटेलिव्हिजन' हे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र 1980 साली अमेरिकाभर बाजारात आणलं, तेव्हा तिच्या जाहिरातीचा सगळा डोलाराच पडद्यांच्या तुलनेवर उभा होता. जॉर्ज प्लिंप्टन हा नामांकित लेखक टीव्हीवर आणि छापील जाहिरातींत अटारीचा बेसबॉल आणि इंटेलिव्हिजनचा बेसबॉल शेजारी शेजारी ठेवून, कोणता जास्त खरा वाटतो ते बघा, असं सांगायचा. आज फिरणाऱ्या पोस्टची कल्पना चाळीस वर्षांपूर्वी खुद्द जाहिरातदारानेच वापरली होती. अटारीतून बाहेर पडलेल्या चार प्रोग्रामरांनी 1979 साली काढलेल्या ॲक्टिव्हिजनचंही तेच. तिच्या जाहिरातींत गेमचा पडदा ठळक असे आणि ज्याने तो लिहिला त्याचं नावही असे. तिच्या 'पिटफॉल' या गेममध्ये 20,000 गुणांच्या वर गेलात की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायचा, कंपनी कापडी बिल्ला पाठवायची. पडदा लपवायचा असता तर मुलांनाच त्याचे फोटो काढायला कोण सांगेल?

अटारीबाबत एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. तिच्या सुरुवातीच्या कॅटलॉगमध्ये पडदे म्हणून जे छापलं जायचं, ते अनेकदा चित्रकाराने काढलेलं असायचं. कडा रेखीव, रंग स्वच्छ, खऱ्यापेक्षा नीटनेटकं. याला बनवाबनवी म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही. पण असं का करावं लागे, तेही बघा. जुन्या टीव्हीवरचं चित्र एका क्षणी पूर्ण नसतंच. अमेरिकेत सेकंदाला साठ वेळा पडद्यावरून रेषा फिरायच्या. कॅमेऱ्याचं शटर त्याहून भराभर उघडून मिटलं, तर फोटोत अर्धा पडदा काळा येतो. म्हणून खोलीत अंधार करायचा, फ्लॅश बंद ठेवायचा, कॅमेरा तिपाईवर लावायचा आणि शटर सावकाश सोडायचं. एवढं करून फोटो निघाला, तर काचेच्या फुगीरपणामुळे कडा वाकड्या यायच्या.

त्यातून अटारीच्या यंत्राची आणखी एक अडचण. 1982च्या 'पॅकमॅन'मध्ये चार भुतं आहेत, पण यंत्राला ती एकदम काढणं झेपत नसे. म्हणून प्रत्येक फेरीत एकच भूत काढायचं, पुढच्या फेरीत दुसरं. डोळ्याला चारही लुकलुकताना दिसतात, पण फोटो चुकीच्या वेगाने काढला तर एकच भूत येतं. मग 'खरा' फोटो कोणता? आणि हे सगळं छापायचं कशावर, तर कॉमिकच्या आतल्या पानांवर, म्हणजे स्वस्त न्यूजप्रिंटवर, जाड ठिपक्यांच्या छपाईत. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक रंगीत ठिपके हे त्या कागदावर सर्वांत वाईट उठणारं चित्र.

आता पोस्टमधल्या उजव्या बाजूकडे या. तो फोटो बहुधा आजच्या संगणकावर चालवलेल्या गेमचा असतो. प्रत्येक ठोकळा धारदार, थांबलेला, मोठा केलेला. 1982 साली ओहायोतल्या एखाद्या मुलाने हे असं कधीच पाहिलं नाही. त्याच्या घरी यंत्र टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडलेलं असे, रंग एकमेकांत मिसळत, कडा विरघळत आणि सगळं सतत हलत असे. तेव्हा पोस्टमधली तुलना जाहिरात आणि गेम यांची नाहीच. एका बाजूला चित्रकाराचं उत्तम काम आहे आणि दुसऱ्या बाजूला गेमचं प्राण काढून घेतलेलं छायाचित्र.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ते रंगवलेलं चित्र पडद्याची नक्कल म्हणून दिलेलंच नव्हतं. पडद्यावर जे दिसतंय ते काय आहे, हे सांगायला ते होतं.

'यार्स रिव्हेंज' घ्या. 1982 साली हॉवर्ड स्कॉट वॉरशॉने लिहिलेला हा अटारीचा गेम. यंत्राची ताकद किती? तात्पुरती स्मृती फक्त 128 बाइट. हलती आकृती आठ ठिपके रुंद, आणि एका ओळीत तिला एकच रंग. एवढ्या भांडवलात वॉरशॉला एक महाकाय माशी उडवायची होती. आपल्या ग्रहाचा सूड घ्यायला निघालेली ही माशी शत्रूभोवतीचं कवच कुरतडते आणि मग तोफ डागून त्याला संपवते. पडद्यावर डावीकडे फडफडणारा एक छोटा आकार, उजव्या कडेला विटांसारखं कवच आणि मधोमध रंगीबेरंगी चमचमणारा पट्टा. तो पट्टा कसा केला आहे? गेमचा स्वतःचाच कोड चित्र म्हणून पडद्यावर ओतलेला आहे, कारण वेगळं चित्र साठवायला जागाच नव्हती. मला ही त्या काळातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

आता वेष्टनावरचं चित्रकार हिरो किमुराचं चित्र बघा: चकाकत्या धातूसारखी, अंगावर येणारी माशी. डब्यात सोबत एक छोटं कॉमिकही मिळायचं. त्यात ही माशी कोण, कुठून आली, तिचं भांडण कोणाशी, हे सगळं आहे. ते वाचून झाल्यावर पडद्यावरचे आठ ठिपके ठिपके राहत नाहीत. गावच्या दशावतारात रिकाम्या जागेवर नुसत्या बोलण्याने आणि पेटीच्या सुरावर अरण्य उभं राहतं, तेव्हा आपण "झाडं कुठे आहेत?" म्हणून तिकिटाचे पैसे परत मागत नाही. चित्र, कॉमिक, पडदा आणि हातातली दांडी मिळून तो गेम होता. क्लिफ स्पॉन, सुझन जेकल, हिरो किमुरा या अटारीच्या चित्रकारांच्या चित्रांना खोटं ठरवणारा माणूस गेमचा एक अवयव कापून बाजूला ठेवतो आणि मग गेम लुळा होता म्हणतो.

कॉमिक्सचाच मार्ग का धरला, याचंही उत्तर "मुलांना गंडवायला" यापेक्षा साधं आहे. 1976 साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या मनोरंजन कंपनीने अटारी विकत घेतली. डीसी कॉमिक्स आधीपासून त्याच वॉर्नरच्या ताब्यात होती. म्हणजे घरचीच प्रकाशन संस्था, घरचेच लेखक. 1982 साली 'डिफेंडर', 'बर्झर्क', 'स्टार रेडर्स' अशा कार्ट्रिजबरोबर (आपल्याकडे जिला गेमची कॅसेट म्हणायचो तीच) 'अटारी फोर्स' नावाची छोटी कॉमिक्स येऊ लागली. ती लिहायला जेरी कॉनवे आणि रॉय थॉमस, काढायला रॉस आंद्रू आणि गिल केन. ही त्या व्यवसायातली पहिल्या रांगेतली माणसं. मुलांना काहीही खपतं असा हिशेब असता, तर यांना कामाला लावायची गरज नव्हती.

आणि सी-मंकीज? ती तुलना तर अजिबात लागू पडत नाही. सी-मंकीज आणि एक्स-रे चष्मे टपालाने विकले जायचे. मुलाने कूपन कापायचं, खाऊचे पैसे पाकिटात घालायचे आणि आठवडे वाट बघायची. वस्तू हातात येईपर्यंत ती कशी आहे हे कळायला मार्ग नव्हता, आणि सगळी लबाडी त्या अंतरातच चालायची. गेमची कॅसेट मात्र दुकानात मिळायची. साठ सेंटचं कॉमिक विकत घेणाऱ्या मुलाला पंचवीस-तीस डॉलरची कॅसेट स्वतःच्या खिशातून परवडत नसे. आई-वडिलांना गळ घालावी लागे, वाढदिवसाची किंवा नाताळची वाट बघावी लागे. तोवर दुकानात मांडलेल्या यंत्रावर तो गेम खेळून झालेला असे, किंवा शेजारच्या मुलाकडे बघितलेला असे. 'स्पेस इन्व्हेडर्स' किंवा 'पॅकमॅन'सारखे गेम तर सगळ्यांनी आधी आर्केडमध्ये नाणी टाकून खेळलेले होते. जाहिरातीतल्या चित्राकडे बघून पडदाही असाच असेल, असं त्या मुलांना वाटत होतं हे गृहीत धरणं म्हणजे त्यांना फारच मठ्ठ समजणं आहे.

अटारीच्या 'पॅकमॅन'वरून लोकांचा राग उसळला, तोही याच कारणाने. चित्र आणि पडदा यांतल्या फरकाबद्दल कोणी तक्रार करत नव्हतं. आर्केडमधला 'पॅकमॅन' आणि घरातला 'पॅकमॅन' यांतला फरक लोकांना खुपला.

आता 1983. अमेरिकेतला घरगुती गेमचा धंदा त्या वर्षी सुमारे 320 कोटी डॉलरचा होता, 1985पर्यंत तो सुमारे 10 कोटींवर आला. एवढी मोठी पडझड जाहिरातीतल्या चित्रांच्या माथी मारणं सोपं आहे, पण हिशेब बघितला तर कारणं दुसरीकडे सापडतात. अटारीच्या यंत्राला कुलूप नव्हतं, त्याच्यासाठी कोणीही गेम काढू शकत असे. ॲक्टिव्हिजनचं यश बघून जो तो कॅसेट काढायला लागला. ओट्स विकणारी क्वेकर कंपनी यात उतरली, कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या प्युरिनाने खाद्याच्या प्रचारासाठी गेम काढला. दुकानं मालाने भरली, कंपन्या बुडाल्या, आणि त्यांचा माल पाच डॉलरला टोपल्यांत येऊन पडला. पाच डॉलरला गेम मिळत असताना तीस डॉलरचा चांगला गेम कोण घेणार? त्याच सुमारास कमोडोर 64 हा घरगुती संगणक 595 डॉलरवरून दोनशेच्या आसपास उतरला, आणि नुसतं गेमचं यंत्र कशाला घ्यायचं असा प्रश्न घरोघरी पडला. 7 डिसेंबर 1982 रोजी अटारीने विक्रीचा अंदाज एकदम खाली आणला आणि वॉर्नरचा शेअर गडगडला. 'ई.टी.' या चित्रपटावरचा गेम वॉरशॉकडून जेमतेम पाच आठवड्यांत करून घेतला होता आणि कॅसेट मात्र लाखोंनी बनवल्या. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरलेला अटारीचा माल 2014 साली उकरला, तेव्हा त्यात 'ई.टी.'ही निघाला. हे सगळं घडलं हावरेपणातून आणि घाईतून. चित्रकाराचा त्यात काय दोष?

पोस्टवाल्यांच्या बाजूने एक पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीने 1985 साली अमेरिकेत पाऊल ठेवलं, तेव्हा पहिल्या गेमच्या काळ्या वेष्टनांवर मुद्दाम ठिपक्यांच्याच आकृत्या मोठ्या करून छापल्या. लोक रंगवलेल्या चित्रांना कंटाळले असावेत, हे यातून मान्य करावं लागतं. पण थोड्याच वर्षांत तिच्या यंत्रावरच्या गेमना रंगवलेली वेष्टनं परत आली. 1987च्या 'मेगा मॅन'चं अमेरिकन वेष्टन तर पडद्याशी काडीचाही संबंध नसलेलं. तरी धंदा वाढतच गेला, कारण निन्टेन्डोने कुलूप दुसरीकडे लावलं होतं. यंत्रात परवानगीची चिप घातली आणि बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढता येतील असं बंधन घातलं.

खरी तक्रार करायचीच असेल तर 'सोर्डक्वेस्ट'बद्दल करा. अटारीने 1982 साली चार गेमची मालिका आणि स्पर्धा जाहीर केली. गेममध्ये पान आणि चौकटीचा क्रमांक सापडायचा, तो घेऊन सोबतच्या डीसी कॉमिकमधल्या चित्रात लपवलेले शब्द शोधायचे. पुढे बक्षिसं सोन्याची आणि रत्नांची: चार बक्षिसं प्रत्येकी 25,000 डॉलरची आणि शेवटची तलवार 50,000 डॉलरची. कॉमिक आणि गेम यांची इतकी घट्ट गुंफण मला दुसरीकडे आढळलेली नाही. पहिली दोन बक्षिसं दिली गेली. तिसरा गेम 1984मध्ये मोजक्या लोकांपर्यंत पोचला. जुलै 1984मध्ये कमोडोरचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल याने अटारीचा घरगुती विभाग विकत घेतला आणि स्पर्धा गुंडाळली गेली. चौथा गेम आलाच नाही, आणि तलवारही कोणाला मिळाली नाही.