निगेटिव्ह? कधीचं?

वाद पक्याने सुरू केला. त्याच्या ओळखीतल्या एकाने तिसऱ्या भेटीत मुलीला सांगितलं, मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. चौथी भेट झाली नाही.

"पहिल्याच भेटीत सांगायचं ना," बाळ्या म्हणाला. "फसवणूक आहे ही."

"कसली फसवणूक? अजून हातात हात नव्हता घेतला! आणि तिने दहा जणांना सांगितलं तर? ते परत घेता येतं का?"

मुग्धा लॅबमध्ये रक्त काढते, त्यामुळे या विषयावर तिचा शब्द कट्ट्यावर जड. ती बाळ्याकडे वळली. "तुझं काय?"

"निगेटिव्ह."

"कधीचं?"

बाळ्याने दोन वर्षांपूर्वी रक्तदान केलं होतं. नंतर कुणाचा फोन आला नाही, म्हणजे निगेटिव्ह! यावर मुग्धाने कपाळाला हात लावला. मग सांगायला लागली. लागण झाल्याबरोबर चाचणीत दिसत नाही. शिरेतून रक्त घेऊन अँटिजेन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी (शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं) दोन्ही बघितल्या तर साधारण 18 ते 45 दिवस जातात, बोट टोचून होणाऱ्या झटपट चाचणीला कधी कधी तीन महिने. आजचा रिपोर्ट मागच्या तारखांबद्दल बोलतो. बाळ्याचा तर रिपोर्टच नाही.

"उलट तो मुलगा," ती म्हणाली, "गोळ्या नियमित घेतोय, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मिलीलिटरला 200 प्रतींच्या खाली टिकून आहे. त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही." एक जण पॉझिटिव्ह आणि उपचारावर, दुसरा निगेटिव्ह, कंडोम नाही, अशा शेकडो जोडप्यांवर पार्टनर नावाचे दोन अभ्यास झाले. 2016 आणि 2019 मध्ये निकाल आले. जोडीदाराकडून झालेली लागण : शून्य.

"मग सांगायचंच कशाला?" पक्या खूश.

इथे मुग्धाने त्यालाही झापलं. गोळ्या सुटू शकतात. इतर गुप्तरोग त्या गोळ्यांनी थांबत नाहीत. आणि गोळ्या बंद असताना कंडोम फाटलाच, तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करून 28 दिवस घ्यावं लागतं. जोडीदाराला माहीतच नसेल तर तो कुठून धावणार?

मला विचाराल तर अंथरुणापर्यंत गोष्ट जाण्याआधी सांगावं. साहेब, शेजारी आणि कट्टा यांचा मात्र काडीचा संबंध नाही.

हे मी मोठ्या तोंडाने म्हणतोय, पण मला एकाने सांगितलं होतं तेव्हा मी काय केलं? त्याला बोलता येईना, म्हणून त्याने पाकिटातून रिपोर्ट काढून दिला. घड्यांवर कागद इतका विरला होता की उलगडताना फाटेल असं वाटलं. किती महिने बाळगला असेल! आणि मी पहिला प्रश्न विचारला, "कुणाकडून?" त्याने कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला आणि दुसराच विषय काढला.

कट्ट्यावर हे मी सांगितलं नाही. वाद तोवर लग्नाआधी दोघांची तपासणी सक्तीची असावी का, यावर गेला होता. मुग्धा सक्तीच्या विरोधात, पक्या आज कधी नव्हे ते तिच्या बाजूने. बाळ्या गप्प होता. उठता उठता त्याने मुग्धाला हळूच विचारलं,

"उपाशीपोटी यावं लागतं का गं?"