छाटणीनंतरचा चौदावा दिवस

ऑक्टोबरात नाशिककडच्या दोन द्राक्षवाल्यांची गाठ पडली की "कसं काय" वगैरे नंतर. आधी विचारणार, "आज किती दिवस?" छाटणीचा दिवस शून्य धरायचा आणि तिथून पुढे मोजत सुटायचं. अमुक दिवशी पोंगा म्हणजे फुगलेला डोळा, तमुक दिवशी फेलफुटी म्हणजे घड नसलेले फुटवे काढणं, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग विरळणी म्हणजे दाटीतले मणी कमी करणं, आणि एकशेवीस-तीस दिवसांनी माल उतरवणं. माझे सासरे निफाड तालुक्यातले. आमच्या लग्नाची तारीख त्यांना सांगता येत नाही, पण त्या दिवशी बाग बहात्तर दिवसांची होती हे पक्कं लक्षात आहे.

मी इंदिरानगरातल्या रो-हाऊसमधला नोकरदार. परसात चार झाडं: पेरू, लिंबू, सीताफळ आणि एक केसर आंबा. पेरूने शेजारच्या काकूंच्या गच्चीवर अतिक्रमण केलं होतं. रात्री वटवाघळं यायची, पेरू अर्धे खायची आणि उरलेले अर्धे काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर टाकायची. लिंबाचे पाणसोट, म्हणजे फळ न धरणारे सरळसोट फुटवे, तर असे माजले होते की दोन वर्षांत एकही लिंबू हाताला लागलं नव्हतं, काटे तेवढे लागले. सगळं नाशिक छाटतंय, तर आपणही छाटावं, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी शिडी काढली.

समोरचे निवृत्त काका फाटकाशी आले. शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्यानं परवानगी लागते, हे त्यांनी मला ऐकवलं. "तोडत नाही हो काका, नुसतं छाटतोय," म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातली कात्री पाहिली, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरचा माझा थरथरता पाय पाहिला आणि म्हणाले, "मग झाडाला काही भीती नाही."

नाशिकमध्ये छाटणीबद्दल सल्ला मागू नये. गॅसवाला असो, इस्त्रीवाला असो, उत्तर द्राक्षातच मिळतं. "काडी पिकली का बघा", "चार डोळ्यांवर मारा", "ओलांडा मोकळा करा". ओलांडा म्हणजे द्राक्षवेलीचा आडवा हात, पेरूला तो नसतो, हे मी तिघांना सांगितलं. तिघांनीही माझ्याकडे पुणेकराकडे बघावं तसं बघितलं.

पेरूची मनगटाएवढी फांदी मी वरून करवतीनं कापायला घेतली. जाड फांदी आधी खालून थोडी चिरून घ्यायची, मग वरून कापायची, हे मला नंतर कळलं. तीन चतुर्थांश कापल्यावर ती कडकन वाकली आणि जाताना बुंध्याची साल हातभर सोलून घेऊन गेली. आत ओलं, पांढुरकं लाकूड. गुडघा सोलवटल्यावर पहिला क्षणभर दिसतं ना, रक्त यायच्या आधी, अगदी तसं. मी चोरासारखा आजूबाजूला पाहिलं. आंब्याच्या पूर्वेकडच्या फांदीवर एक मांजर बसलं होतं. त्यानं सगळं पाहिलं होतं.

काळं, तांबूस, पांढरं असं तिरंगी मांजर. मी आंब्याकडे वळलो, शुक्शुक् केलं, काठी हलवली, ते ढिम्म. शेवटी त्याची फांदी सोडून बाकीचा आंबा छाटला आणि अभिमानानं सासऱ्यांना फोन लावला.

"आंबा? ऑक्टोबरात?" पलीकडे जरा वेळ शांतता. "जावईबापू, आंबा फळं उतरली की छाटत्यात, पावसाच्या तोंडाला. आता शेंडे मारले म्हंजे तुम्ही मोहोर मारला."

"मग आता?"

"आता बोर्डो लावा. दुसरं काय करणार?"

बोर्डो पेस्ट म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मी सगळं दहाव्या हिश्शानं घेतलं. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत, चुना दुसरीत, मग दोन्ही एकत्र. लोखंडाचं भांडं चालत नाही. तयार झाल्यावर त्यात लोखंडी पातं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. घरात लोखंडी पातं एकच होतं, ते मी बुडवलं. "अहो, तो कांद्याचा चाकू आहे," असं बायको म्हणाली तेव्हा तो कांद्याचा राहिला नव्हता.

हे मिश्रण मुळात फ्रान्समधलं, बोर्डो भागातलं. रस्त्याकडेची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडून खाऊ नयेत म्हणून तिथले बागाईतदार वेलींवर हा निळा रंग मारायचे. त्या वेलींना डाऊनी हा बुरशीचा रोग येत नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. तिकडे चोर पळवायला निघालेल्या औषधानं इकडे माझ्या घरात मांजर आणलं, याचा अभ्यास कोणी केलेला नाही.

झालं असं की मी बुंधे रंगवून हात धुवायला वळलो, तेवढ्यात मांजर आंब्यावरून उतरलं आणि ओल्या बुंध्याला अंग घासत, शेपूट उभी करून, माझ्याकडे आलं. डावी बाजू पूर्ण निळी. माझा त्या निळ्यावर जीवच जडला असता, पण बायको किंचाळली, "अहो, ती चाटेल ना! विष आहे ते!"

मांजराला आंघोळ कशी घालतात? एकानं धरायचं, एकानं ओतायचं. धरणारा मी. पहिला तांब्या पडेपर्यंत मांजर शांत होतं. त्यानंतर त्याला वर जायचं होतं, आणि बाथरूममधली सगळ्यात उंच वस्तू मी होतो. हातावर तीन लांब ओरखडे आणि अंगठ्याच्या खाली दोन बारीक भोकं. मांजर स्वच्छ झालं. काकूंनी गच्चीवरून निकाल दिला, "बोका नाही रे तो, मनी आहे. आणि पोटुशी आहे." तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, रंगाचा हिशेब एक्स गुणसूत्रावर असतो, हे जनावरांच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं. काकूंना ते गुणसूत्राशिवाय, वीस फुटांवरून कळलं होतं.

मला वेगळ्या डॉक्टरांकडे जावं लागलं. जखम साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुतलेली आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. मग जखमेत सीरम, दंडात लस. "पोटात चौदा?" मी विचारलं. तो जमाना गेला म्हणाले. आता दंडात पाच: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. "आजचा दिवस शून्य धरायचा."

हे सासऱ्यांना कळलं आणि त्यांना जावई पहिल्यांदा समजला. तोवर माझ्या नोकरीचं त्यांना काही उमगत नसे. आता मोजायला दिवस मिळाले. सातव्या दिवशी सकाळीच फोन.

"आज किती?"

"सात."

"पोंगा फुगला असंल."

"दंडाला फुगलाय."

"मग बरोबर चाललंय."

चौदाव्या दिवशी मी ऑफिसात रजा मागितली, तर पिंपळगाव बसवंतचा आमचा साहेब कॅलेंडर न बघता म्हणाला, "चौदाव्याला फेलफुटी काढतात. जा."

दोनच दिवसांनी लक्ष्मीपूजन. फटाके सुरू झाले तशी मनी परसातून घरात घुसली, ती दारातल्या रांगोळीवरून. दारापासून देवघरापर्यंत गुलाबी, हिरवी, पिवळी इवली पावलं. बायकोनं सकाळी तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं काढली होती, त्यांच्याच शेजारून ही दुसरी रांग गेली. काकू फराळाचं ताट घेऊन आल्या, त्यांनी पाहिलं आणि हात जोडले. आता हिला बाहेर काढ म्हणायची कोणाची छाती? लेकीनं तिचं नाव बोर्डो ठेवलं. वाटीत दूध ठेवलं, त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी पायपुसण्यावर दिसला. दूध मांजराला आवडतं, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

छाटलेल्या फांद्यांचा ढीग तसाच परसात पडून होता. घंटागाडीवाला म्हणाला होता की बारीक तोडून मोळ्या बांधून ठेवा. मी बांधणार होतो, रोज. अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचं इंजेक्शन घेऊन आलो आणि मोळ्या बांधायला वाकलो, तर ढिगाच्या पोटातून फुस्स आवाज आला. पेरूच्या वाळक्या पानांवर बोर्डो, आणि तिच्या कुशीत उंदरांएवढे तीन जीव, डोळे घट्ट मिटलेले.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. आमच्या बोर्डोनं सातही घरं आमच्याच पत्त्यावर शोधली. ढिगातून चपलांच्या कपाटात, तिथून वॉशिंग मशीनच्या मागे, मग लेकीच्या दप्तरात, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टांवर. मानगुटीला धरून एकेकाला अशी न्यायची की वाटावं, आता दातच लागले. पण मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत. ते कोणाला लागतात ते मला माहीत आहे. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला. सासरे द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवत होते आणि मी रात्री दोनला उठून गरम पाण्याच्या पिशवीतलं पाणी बदलत होतो. सकाळी फोनवर दोघंही जांभया देत बोलायचो.

पिल्लांची नावं साहजिकच द्राक्षाच्या दोन छाटण्यांवरून एप्रिल आणि ऑक्टोबर, आणि तिसरं डिपिंग. डिपिंग प्रत्येक वाटीत कानापर्यंत तोंड बुडवायचा. "तीन म्हंजे दाटी हे," सासरे म्हणाले. "विरळणी करा." एप्रिलला काकूंनी नेलं, गच्चीवर वटवाघळांच्या बंदोबस्ताला, ती आणि वटवाघळं आता एकमेकांकडे बघत बसतात. पिल्लांचं दूध सुटल्यावर, संक्रांतीच्या आधी, बोर्डोचं ऑपरेशन करून घेतलं. आमच्या घरात वेळेवर झालेली तेवढी एकच छाटणी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल उतरवून सासरे आले, द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन. आधी परसात गेले. पेरूच्या जखमेवर बोटं फिरवली, काही बोलले नाहीत, आणि ते फार बोलकं होतं. आंब्याकडे पाहिलं. तीन बाजू नुसत्या पानांच्या आणि पूर्वेकडच्या एका फांदीला मोहोर, वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरलेल्या.

"ही बरी राखली तुम्ही."

फांदीवर बोर्डो बसली होती. मी काही बोललो नाही.

चहा होईपर्यंत ऑक्टोबर त्यांच्या धोतराच्या सोग्याशी खेळत होती. त्यांनी तिला उचललं, उजेडाकडे धरलं, वजनाचा अंदाज घेतला, पोट चाचपलं, एक पंजा दाबून नखं पाहिली.

"किती दिवसांची?"

मी मनात हिशेब केला. "एकशेवीस."

"मग थांबले कशाला," ते म्हणाले. "माल तयार हे." आणि रिकाम्या पेटीत तळाशी कागद नीट अंथरून त्यांनी तिला आत ठेवलं.