मानसशास्त्राच्या पदवीसाठी दहा लाखांचे कर्ज: एका फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. मानसशास्त्रज्ञाची सरासरी कमाई वर्षाला ७५ लाख रुपये आहे, बी.ए. मानसशास्त्र होताच स्वतःचे क्लिनिक काढता येते, त्यासाठी दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज निर्धास्त घ्यावे, व्याज सरकार भरते आणि पालकांवर काहीही बोजा येत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. हा संदेश खानापूर तालुक्यातल्या माझ्या बहिणीच्या घरी पोहोचला आणि भाचीला बंगळूरच्या खासगी महाविद्यालयात घालण्यासाठी शेत तारण ठेवण्याची बोलणी सुरू झाली. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

यातला सर्वांत घातक दावा क्लिनिकचा आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, हा व्यवसाय १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली येतो; पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांचे प्रशिक्षण आणि नोंदणी पाहणारी ही केंद्राची संस्था. परिषदेने मान्य केलेली अर्हता आणि केंद्रीय नोंदवहीत नोंद असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. केल्यास कायद्याच्या कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही या पदाची व्याख्या अशीच बांधून दिली आहे. बी.ए.ची पदवी त्या व्याख्येच्या जवळपासही जात नाही. आजवरची रूढ वाट तीन वर्षे बी.ए., दोन वर्षे एम.ए. आणि त्यानंतर रुग्णालयात देखरेखीखाली दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अशी सात वर्षांची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केल्यामुळे ही शेवटची पायरी आता बदलते आहे. पण मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि नोंदणीची अट कायम आहे. आत्महत्येचे विचार मनात घोळणारा माणूस तीन वर्षांच्या पुस्तकी अभ्यासाच्या बळावर थाटलेल्या क्लिनिकमध्ये जाऊन बसला, तर त्याचे काय होईल याचा विचार संदेश लिहिणाऱ्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही. साधे समुपदेशन या कायद्याच्या कक्षेत थेट येत नाही, हे मान्य करावे लागेल. मात्र तिथेही शाळा आणि संस्था बहुधा एम.ए. झालेला उमेदवार मागतात, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांनाही नियमनाच्या चौकटीत आणले आहे.

७५ लाखांचा आकडा कुठून आला असावा, हे शोधायला फार वेळ लागत नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी कार्यालयाने मे २०२३ साठी तिथल्या मानसशास्त्रज्ञांचे मध्यक वेतन (निम्म्यांचे याहून कमी, निम्म्यांचे जास्त) वर्षाला ९२,७४० डॉलर दिले आहे. त्याला डॉलरच्या भावाने गुणले की जवळपास हाच आकडा येतो. ते वेतन बहुतांशी डॉक्टरेट आणि परवाना मिळवलेल्या तिथल्या लोकांचे आहे. चिकोडीच्या बी.ए. पदवीधराच्या कमाईशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

आता कर्जाचा हिशेब मांडू. तीन वर्षांत समान हप्त्यांनी दहा लाख उचलले आणि व्याज दहा टक्के धरले, तर शिक्षण आणि त्यानंतरचे एक वर्ष मिळून सरळ व्याजच सुमारे तीन लाख होते. तेरा लाखांची परतफेड पंधरा वर्षांत करायची झाल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १४ हजार रुपये पडतो आणि एकूण जवळजवळ २५ लाख भरावे लागतात. खरी मेख वेळेत आहे. हप्ते चौथ्या वर्षानंतर सुरू होतात आणि या विद्येची खरी कमाई सातव्या वर्षानंतर. पुढील शिक्षणासाठी बँकेने मुदत वाढवून दिली तरी व्याज चढतच राहते.

सरकार व्याज भरते हे अर्धसत्य आहे. २००९ पासूनची केंद्राची व्याज अनुदान योजना वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साधी बी.ए. त्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीन टक्के सवलत आहे, पण ती राष्ट्रीय मानांकनातून निवडलेल्या संस्थांपुरती आणि फक्त परतफेड सुरू होईपर्यंत. पालकांवर बोजा नाही हे तर निखालस खोटे आहे: आई किंवा वडील सहकर्जदार असतात आणि साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात.

मानसशास्त्रज्ञांची टंचाई आहे, एवढे मात्र खरे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. बेळगावसारख्या जिल्ह्यात तर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत रुग्णाचे ऐकून घेणाऱ्याची फार गरज आहे, आणि आपल्या मुलींना हे सहज जमण्यासारखे आहे. पण गरज आहे म्हणून पगाराची जागाही आहे असे होत नाही. सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसशास्त्रज्ञांच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

म्हणून भाचीने मानसशास्त्र जरूर शिकावे, पण बी.ए. जवळच्या अनुदानित महाविद्यालयातून आणि एम.ए. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठासारख्या ठिकाणाहून करावे, म्हणजे कर्ज काढण्याची ऐपत शेवटच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी शिल्लक राहील. त्या टप्प्यावर पैसे भरण्यापूर्वी संस्थेकडून हे लेखी घ्यावे की अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे.