मे महिन्यात तळी कमी का होते : एक स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या झऱ्याकाठच्या तंबूंच्या मुक्कामाला एक स्टार देताना तुम्ही लिहिलंय, “नाव नैसर्गिक झऱ्याचं, प्रत्यक्षात हौद. अकरा वाजता पाणीच सोडून दिलं, पोरं गुडघाभर पाण्यात उभी. साबण लावायला बंदी, झाडाखाली तंबूला बंदी, मासे चावतात, पाणी गारही नाही, मुलगा पायरीवरून घसरला, बदलायच्या खोलीला कडी नाही. फोटो बघून फसू नका.” शिवाय आमचा मुलगा उर्मटपणे बोलला, असंही आहे. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी पायऱ्यांचं काम उरकायचं होतं.

पायरीपासूनच सुरुवात करते, कारण तिथे चूक सरळसरळ आमची आहे. तळीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर दोन दिवसांत शेवाळ धरतं. रोज सकाळी नारळाच्या सोडणाने त्या घासाव्या लागतात. त्या रविवारी घासणाऱ्या काकी लग्नाला गेल्या होत्या आणि मी चुलीपुढे घावणे काढत बसले होते. काकी नाहीत म्हटल्यावर ते काम माझं होतं. ते राहिलं आणि तुमच्या मुलाचा गुडघा फुटला. जखम धुऊन पट्टी केली, पण त्याने चूक धुतली जात नाही. आता पाट्याला लावतात तशी खालच्या चारही पायऱ्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खडबडीत करून घेतली आहे आणि कडेने दोर बांधला आहे. तुमच्या कुटुंबाचे त्या दिवसाचे प्रवेशाचे पैसे, ज्या खात्यावरून आले त्यावरच परत पाठवले आहेत. खोलीला कडीही बसली. ती महिनाभर तुटलेली होती, हे कबूल करायला लाज वाटते.

आता पाण्याचं. हौद म्हणालात ते खरंच आहे. झरा म्हणजे वरच्या कोपऱ्यात, फणसाच्या मुळाखालची ती फट. तिथे हात घातलात तर बोटांखाली वाळू उड्या मारताना लागते, भात शिजताना झाकणाखाली खदखदतो ना, तशी. तिथून येणारं पाणी साठवायला जुन्या माणसांनी चिऱ्यांची तळी बांधली, पंचवीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. बांधली ती पोहण्यासाठी नाही, शिंपण्यासाठी. खाली पाच घरांच्या माडा-पोफळीच्या बागा आहेत आणि त्यांच्या पाळ्या आमच्या सासऱ्यांच्या आधीपासून ठरलेल्या आहेत. उन्हाळ्यात रोज अकरा वाजता तळीचं लाकडी बूच निघतं, पाणी पाटाने ज्याची पाळी त्याच्या आळ्यांत जातं, आणि तिनाच्या सुमारास बूच परत बसतं. पुढे रात्रभर तळी भरत राहते. तुम्ही आलात त्या दिवशी ज्यांची पाळी होती त्या आजींना, “पाहुणे पोहतायत, आज राहू दे,” असं मी सांगू शकत नाही. सांगितलं तरी त्या ऐकायच्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. आमचा तंबूंचा व्यवसाय सात वर्षांचा आहे, त्यांच्या पोफळी त्याहून कितीतरी जुन्या.

फोटोचं मात्र तुमचं म्हणणं मान्य. तो ऑक्टोबरातला आहे, काठोकाठ तळी आणि सांडव्यावरून वाहणारं पाणी. तुम्ही आलात मेच्या दुसऱ्या आठवड्यात. मागे जो सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार दिसतं, तो पावसाळ्यात स्पंजासारखा पाणी पितो. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो. ते पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली उतरतं, खाली पांढरट चिकण मातीचा थर लागला की अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. पाऊस थांबला की तो साठा दिवसेंदिवस उतरत जातो. मी दर महिन्याला फटीखाली पन्हळ लावून पंधरा लिटरची बादली धरते. ऑक्टोबरात ती बारा सेकंदांत भरली होती, या मेमध्ये पस्तीस लागले. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत तीस लागायचे. सड्याच्या पलीकडच्या अंगाला चिऱ्याच्या खाणी वाढल्या आहेत, माझा संशय तिकडे आहे. पण तो विषय ग्रामसभेचा, तुमच्या तक्रारीचा नाही. मेमधली तळी कशी दिसते त्याचा फोटो आता पहिलाच लावला आहे आणि त्याखाली अकरा ते तीनची वेळही लिहिली आहे.

पाणी गार नव्हतं याला मात्र माझ्याकडे इलाज नाही! जमिनीखालचं पाणी बारा महिने जवळपास एकाच उबेचं असतं. डिसेंबरात पहाटे याच तळीवर वाफ दिसते आणि लोक विचारतात, गरम पाण्याचा झरा आहे का?

साबणाबद्दल मी हटणार नाही. तळीतलं पाणी पाटाने पुढे जातं, त्यावर खालच्या बागेतल्या पानवेली आहेत आणि गुरंही तेच पितात. शिवाय साबणाचा फेस माशांच्या कल्ल्यांना बाधतो. तुम्हाला चावले ते मासे म्हणजे मळ्ये. दात लागत नाहीत त्यांचे, दगडावरचं शेवाळ खरवडतात तशी पायाची मेलेली कातडी खरवडतात. शहरात याचेच पैसे घेतात म्हणे. 1839 साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा याचं आपलं मराठी नावच शास्त्रीय नावात घातलं. आजही तो ‘गारा मुल्या’ आहे. पोरांना हे सांगितलं की ती घाबरायची सोडून पाय सोडून बसतात. तुमच्या पोरांना कुणी सांगितलं नाही, ही आमची उणीव.

तंबूचं कारण गंभीर आहे आणि ते तुम्हाला आल्या आल्या सांगायला हवं होतं. दोडामार्ग आमच्यापासून लांब नाही. 2016 साली तिथे माकडतापाची साथ आली, तीच जी 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडली होती. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. जानेवारी ते मे हे त्याचे दिवस आणि झाडाखालचा सुका पाचोळा ही बारक्या गोचिडींची आवडती जागा. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक असतात त्या. म्हणून तंबू फक्त साफ केलेल्या उघड्या खळ्यात लावतो. रात्री तुम्हाला उकडलं, मला ठाऊक आहे, मेमध्ये आम्हालाही उकडतं. तरी आंब्याखाली तंबू लावू देणार नाही.

आमचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तुम्हाला एवढंच म्हणाला, “थय नको, हय लावा.” कारण दिलं नाही. मी त्याला बोलले. पण एक विनंती, मालवणीत साधी विनवणीसुद्धा भांडणासारखी ऐकू येते, हे थोडं पोटात घाला. तुम्ही गेल्यावर तो स्वतःहून मुलाच्या गुडघ्याची चौकशी करत होता.

जून ते सप्टेंबर आम्ही बंद असतो. पाणी गढूळ असतं, पायऱ्या धड दिसत नाहीत आणि त्या दिवसांत इकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणाऱ्या तापाची, भीती असते, त्यामुळे अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरणं बरं नव्हे. पुन्हा यावंसं वाटलं तर दिवाळीनंतर या, तेव्हा रोज शिंपावं लागत नाही आणि बूचही दोन-तीन दिवसांनी निघतं. स्टार बदलण्याची विनंती करत नाही. पायरीचा एक तरी तुम्ही बरोबरच कापला आहे.

आणखी एक. सोमवारी बूच काढल्यावर तळाच्या गाळात लहान मुलाचा निळा पोहायचा चष्मा सापडला. पट्ट्याला गाठ मारलेली आहे. तुमच्या मुलाचाच असावा. पत्ता कळवा, पोस्टाने पाठवते.