त्याला चमत्कार म्हणू नका

दरवर्षी डिसेंबर आला की पहिल्या महायुद्धातली, १९१४च्या नाताळची गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरू लागते. ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले, त्यांनी गाणी म्हटली, फुटबॉल खेळला आणि युद्ध एक दिवस थांबले. गोष्ट खरी आहे. फुटबॉलचा भाग मात्र जितका रंगवला जातो तितका मोठा नव्हता. माझी हरकत तिला चिकटवल्या जाणाऱ्या ‘चमत्कार’ या शब्दाला आहे. एकदा चमत्कार म्हटले की कारणे शोधायची गरज उरत नाही, आणि इथे तर कारणे अगदी हाताशी आहेत.

बेल्जियम-फ्रान्स सीमेवरच्या फ्लँडर्समध्ये त्या डिसेंबरात पावसाने कहर केला होता. खंदकांत गुडघाभर पाणी साचले होते, मातीच्या भिंती ढासळत होत्या आणि काही ठिकाणी दोन सैन्यांमधले अंतर शंभर मीटरही नव्हते. एवढ्या अंतरावर समोरच्याचे बोलणे, खोकणे ऐकू येते, आणि आपण रात्रभर पाणी उपसतो आहोत तसा तोही उपसतो आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी नाताळपुरती तरी शस्त्रे खाली ठेवा, असे आवाहन केले होते. सरकारांनी ते मानले नाही. २४ तारखेला पाऊस थांबून कडाक्याची थंडी पडली, चिखल गोठला, आणि संध्याकाळी जर्मन खंदकांच्या कडेवर मेणबत्त्या लावलेली छोटी झाडे दिसू लागली. गाणी सुरू झाली ती त्यानंतर.

सकाळी माणसे बाहेर आली ती अनेक ठिकाणी आधी मृतांसाठी आली, हे फार कमी वेळा सांगितले जाते. आठवडाभरापूर्वीच्या हल्ल्यांत पडलेले सैनिक दोन्ही खंदकांच्या मधल्या जमिनीवर तसेच पडून होते, आणि त्यांना आणायला जाणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते. फ्लरबेजवळ ब्रिटिश आणि जर्मन सैनिकांनी आपापल्या मृतांना एकत्र मूठमाती दिली, आणि बायबलातले तेविसावे स्तोत्र आधी इंग्रजीत, मग जर्मनमध्ये वाचले गेले. मला फुटबॉलपेक्षा हे दृश्य कितीतरी मोठे वाटते. ज्याला आपणच गोळी घातली असेल त्याच्यासाठी खणल्या जाणाऱ्या खड्ड्याशेजारी उभे राहायचे आणि शेजारच्या शत्रूबरोबर मान खाली घालायची, ही गोष्ट नुसत्या सणाच्या उत्साहाने होत नाही.

पुढे व्यंगचित्रकार म्हणून प्रसिद्ध झालेले ब्रूस बेर्न्सफादर तेव्हा मशीनगन तुकडीचे अधिकारी होते. त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या तुकडीतला, युद्धापूर्वी हौसेने केस कापणारा एक मशीनगन चालवणारा सैनिक एका जर्मनाचे वाढलेले केस कापत होता. तो जर्मन जमिनीवर गुडघे टेकून शांत बसला होता आणि केस कापायचे यंत्र त्याच्या मानेवरून वर सरकत होते. आदल्या दिवसापर्यंत ती मान दिसली असती तर तिच्यावर नेम धरणे हे त्याच हातांचे काम होते.

हे सगळीकडे घडले नाही, हेही तितकेच खरे. अनेक ठिकाणी त्या दिवशीही गोळीबार चालू राहिला आणि माणसे मेली. फ्रेंच आणि बेल्जियन सैनिकांत असे प्रसंग कमी घडले, आणि ज्यांची स्वतःची गावे शत्रूच्या ताब्यात होती त्यांना त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार मला नाही.

यात अनपेक्षित काही नव्हते याचा सर्वांत मोठा पुरावा वरिष्ठांच्या कागदांत आहे. ब्रिटिश सेनापती होरेस स्मिथ-डोरियन यांनी नाताळच्या तीन आठवडे आधी, ५ डिसेंबरलाच, शत्रूशी मैत्रीचे कोणतेही व्यवहार करू नयेत असे बजावले होते. समोरासमोर राहणारे सैनिक हळूहळू ‘जगा आणि जगू द्या’ या वृत्तीकडे झुकतात, हीच त्यांची भीती होती. ती रास्तही होती, कारण नाताळ संपल्यावरही शांत आघाड्यांवर अशा न बोललेल्या समजुती टिकून राहिल्या : तोफा ठरलेल्या वेळी डागायच्या, जेवण घेऊन जाणाऱ्यांवर गोळ्या झाडायच्या नाहीत. पुढच्या वर्षी, १९१५च्या नाताळात, थोड्या वेळाचा युद्धविराम होऊ दिल्याबद्दल स्कॉट्स गार्ड्स या ब्रिटिश पलटणीचे सर इयन कोलहून यांच्यावर लष्करी खटला भरला गेला. जी गोष्ट आपोआप घडणारच नाही, तिच्यासाठी कोणी हुकूम काढत नाही.

नाताळ नसतानाही हे घडले आहे. २४ मे १९१५ रोजी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ऑटोमन (तुर्की) आणि अँझॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या) सैन्यांनी सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार एवढाच युद्धविराम केला, कारण पाच दिवसांपूर्वीच्या हल्ल्यातले सुमारे तीन हजार ऑटोमन मृत उन्हात पडून होते. तिथे दोन्ही बाजूंचा सण एक नव्हता, धर्म एक नव्हता. आणि दुसऱ्या महायुद्धात, २० डिसेंबर १९४३ रोजी, फ्रान्झ श्टिगलर या जर्मन वैमानिकाने एका मोडक्यातोडक्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाला सोडून दिले, तेही इतक्या जवळून उडताना की फाटलेल्या पत्र्यातून आतले जखमी सैनिक त्याला दिसत होते.

फ्रान्समधल्या फ्रेलिंगियां गावाजवळ १९१४च्या नाताळच्या दिवशी जर्मनांनी बिअरची दोन पिंपे ब्रिटिशांकडे दिली होती. दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला सकाळी साडेआठ वाजता, ब्रिटिश कॅप्टन स्टॉकवेल यांनी हवेत तीन गोळ्या झाडल्या, नाताळच्या शुभेच्छा लिहिलेला झेंडा उभारला आणि ते खंदकाच्या कडेवर चढले. समोरून आभार लिहिलेली एक चादर वर आली आणि जर्मन कॅप्टनही वर आला. दोघांनी वाकून एकमेकांना सलाम केला आणि दोघे आपापल्या खंदकात उतरले. मग जर्मन कॅप्टननेही दोन गोळ्या झाडल्या, त्याही हवेतच, आणि युद्ध पुन्हा सुरू झाले.