उंची हवी म्हणजे धरणच हवं असं नाही

तुमचं म्हणणं असं, की नदी वाहतेच आहे तर तिच्यात सरळ टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणारं वीज बनवायचं चाक, सोडा, वीज तयार, आणि मी विजेसाठी पाणी उंचावरून पाडण्याचं एवढं कौतुक केलं म्हणजे धरणांची वकिली केली. वकिली नाही हो. गावंच्या गावं पाण्याखाली जातात ते मलाही तुमच्याइतकंच टोचतं. पण हिशोब तर बघा.

एक चौरस मीटरच्या तोंडातून सेकंदाला एक मीटर वेगाने पाणी जातंय, म्हणजे दर सेकंदाला हजार लिटर, एक टन! पण त्या वाहण्यातली ताकद फक्त ५०० वॉट. तीही सगळी काढता येत नाही, कारण पाणी फार अडवलं तर ते बाजूने निघून जातं. मोकळ्या प्रवाहात जास्तीत जास्त ५९ टक्के, प्रत्यक्षात त्याहून कमीच. आता तेच हजार लिटर १० मीटर खाली पाडा, ९८ किलोवॉट! घट धरूनही ८० च्या आसपास हातात येतात. म्हणजे त्या अख्ख्या प्रवाहात जेवढी ऊर्जा आहे तेवढी पाणी जेमतेम ५ सेंटीमीटर पडलं तरी मिळते.

हां, वेग जबरदस्त असेल तर तुमचं बरोबर, कारण वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. स्कॉटलंडजवळ पेंटलंड फर्थ या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीच्या प्रवाहात समुद्रतळाशी टर्बाइन बसवलेत, धरण-बिरण काही नाही. पण संथ नदीत ते जमत नाही.

आणि उंची म्हणजे धरण हे समीकरण तुमचं, माझं नाही. डोंगरात छोटा बंधारा घालायचा, पाणी कडेकडेने कालव्याने न्यायचं आणि मग पाइपातून एकदम खाली सोडायचं. १०० मीटर उतरलं की नोझलमधून, म्हणजे पाइपाच्या निमुळत्या तोंडातून, धार ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास सुटते. ती पेल्टन चाकावर, म्हणजे कडेने वाट्या बसवलेल्या टर्बाइनवर, आदळते. त्याच्या प्रत्येक वाटीला मधोमध एक धारदार कड असते, तिच्यावर ती धार दुभंगते, दोन्हीकडून जवळजवळ उलटी वळते आणि सगळा जोर चाकाला देऊन नुसती खाली गळते. इतकी सुंदर रचना मी यंत्रांत क्वचितच पाहिलीय.

यात साठा नसतो, ओढा आटला की वीज बंद, म्हणून साठा हा धरणाचा खरा फायदा मान्य करावाच लागतो. आणि पाणी वळवल्यावर बंधाऱ्यापासून वीजघरापर्यंतचं मूळ पात्र कोरडं पडू शकतं, मासे मरतात, म्हणून तिथे थोडं पाणी कायम सोडलंच पाहिजे. त्यासाठी भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.