हळदीकुंकवाच्या त्या फॉरवर्डला बडोद्यातून उत्तर

संक्रांत जवळ आली की हा मेसेज परत फिरायला लागतो, आमच्या बडोद्याच्या मराठी ग्रुपवर तर यंदा ज्याने त्याने टाकला. थोडक्यात म्हणणं असं, की हळदीकुंकू फक्त सुवासिनींचं आणि वेदकाळापासून असंच चालत आलंय, त्यात विधवांना बोलावणं किंवा बायकांनी पौरोहित्य करणं हे परदेशी विचारांचं खूळ, विधवांना स्वतःलाच ते नको असतं, आणि एकदा विधी बदलला की संस्कृती बुडाली. खाली 'पुढे पाठवा', ते तर हवंच.

वेदांचं आधी उरकते. वाण, तिळगूळ, सुगडं, हळदीकुंकवाचा समारंभ यातलं काहीही वेदात नाही, हा सगळा लोकाचार, आपल्याच आज्या-पणज्यांनी घडवलेला. उलट नवरा गेलेल्या बाईला उद्देशून ऋग्वेदात दहाव्या मंडळाच्या 18 व्या सूक्तात जी ऋचा आहे त्यात तिला म्हटलंय, ऊठ, जिवंतांच्या जगात ये. मंत्रांच्या अधिकाराचं म्हणाल तर घोषा, लोपामुद्रा या ऋषिका ऋग्वेदातल्याच, आणि पूर्वी मुलींचीही मुंज व्हायची असं सांगणारं यमाच्या नावावरचं वचन धर्मशास्त्राच्या ग्रंथांत येतं. नंतरच्या ग्रंथांत मनाई आहे, मान्य, पण मग 'पहिल्यापासून असंच' हे तरी म्हणू नका ना.

आता परदेशी खूळ. हे बडोद्यात बसून लिहायचं म्हणजे कमाल आहे. याच संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1915 मध्ये पुरोहितांसाठी कायदा केला, नुसतं पाठ म्हणून भागणार नाही, परीक्षा द्या, अर्थ कळला पाहिजे. आणि महाराणी चिमणाबाई 1927 मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. बरं हे राजेरजवाडे झाले म्हणा, मग कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड घ्या. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाडची माणसं काय लंडनहून शिकून आली होती?

'त्यांना स्वतःलाच नको असतं' यावर मात्र जरा थांबते, कारण यात थोडं खरं आहे आणि बरंच सोयीचं आहे. काही काकू खरंच म्हणतात, मला कुंकू नको, आणि त्यांना हात धरून फोटोसाठी कुंकू लावणं हा पण आगाऊपणाच, ते मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय आणि मला अजिबात आवडलेलं नाही. पण नको म्हणणं आणि बोलावलंच नाही यात फरक आहे की नाही? आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू, दरवर्षी ज्यांच्या हातच्या गुळपोळ्या सगळ्यांना हव्या असतात, त्या पोळ्यांचा डबा दारातून देऊन परत जायच्या. मग एका वहिनीने साधी गोष्ट केली, निमंत्रणाच्या मेसेजमध्ये 'सुवासिनींनी' काढून 'सगळ्याजणींनी' लिहिलं आणि करंडा टेबलावर ठेवला, जिला हवं तिने आपल्या हाताने लावायचं. काकू आल्या, हळद लावली, कुंकू नाही लावलं, अत्तरासाठी मनगट पुढे केलं, गजरा घेतला, वाणातला स्टीलचा डबा उघडून झाकण घट्ट बसतं का ते बघितलं (नीट बसत नव्हतं, बदलून घेतला!) आणि चक्क उखाणा घेतला, गेलेल्या काकांचं नाव घेऊन. कोणाचं काही बिघडलं नाही. एक आत्या जरा फुरंगटल्या होत्या, त्यांनीही नंतर त्याच पोळ्या खाल्ल्या.

आणि राहिलं संस्कृती बुडण्याचं. अहो, मुंज घ्या. मुंज झाली की मुलाने गुरूकडे बारा वर्षं राहायचं, मग शिकून आल्यावर सोडमुंज. आता सोडमुंज त्याच दिवशी नाहीतर थेट लग्नाच्या आदल्या दिवशी, मुलगा रडतो म्हणून केसांना नुसती कात्री लावायची, भिक्षावळीत कॅडबरीची पाकिटं. चार दिवसांचं लग्न हॉलच्या भाड्यामुळे दुपारपर्यंत आटपतं. तेव्हा कोणी फॉरवर्ड काढत नाही, कारण हे बदल सगळ्यांच्या सोयीचे, विशेषतः बाप्यांच्या. पण मुलीला एकटीने वाढवलेली, लग्नाचं बिल स्वतः भरणारी आई पाटावर बसते म्हणाली की लगेच धर्म आठवतो, आणि आदल्या रात्री सुरतहून आलेले काका-काकू कन्यादानाला बसतात, आई तिसऱ्या रांगेत पदर सावरत. कायद्याचं विचाराल तर हिंदू विवाह कायद्यात कन्यादानाची अट नाहीच, सप्तपदी जिथे विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण.

त्यामुळे ज्यांच्या घरी पुढच्या मोसमात कार्य आहे त्यांनी तारीख ठरवतानाच गुरुजींना विचारून ठेवा, आई बसणार आहे, चालेल ना. बरेच गुरुजी हो म्हणतात, लोक विचारतच नाहीत. नाही म्हणाले तर दुसरे बघा, पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्री पुरोहित कधीच्या तयार केल्यात, त्या प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगतात, आणि बायकांना मंत्र जमत नाहीत म्हणणाऱ्या दादांनी एकदा समोर बसून ऐकाच.